क्रिटोला उत्तर सुचलं नाही

"इतक्या लवकर कसा आलास रे? की उजाडलंय?"
"छे, अजून फटफटायचंय."
"पहारेकऱ्यानं आत कसं सोडलं तुला?"
"ओळखीचा झालाय आता तो. शिवाय त्याचं थोडंफार केलंयही मी."
"आत्ताच आलास?"
"बराच वेळ झाला."
"मग उठवलं का नाहीस? नुसता गप्प बसून राहिलास?"

सॉक्रेटिस तुरुंगात आहे, मरणाची शिक्षा झालेला, आणि गाढ झोपलेला. त्याचा म्हातारा मित्र अंधारात त्याच्या उशाशी बसून त्याच्याकडे बघत राहिलाय. क्रिटो म्हणतो, मुद्दामच उठवलं नाही तुला. एवढ्या संकटात तू इतका निवांत झोपू शकतोस याचंच नवल करत होतो. प्लेटोचा 'क्रिटो' हा संवाद असा सुरू होतो. एका बैठकीत वाचून होईल एवढाच आहे तो. दोनच माणसं, एकच खोली, पहाटेचा थोडासा वेळ. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा संवाद शिकवतात तेव्हा या सुरुवातीवरून भरभर पुढे जातात, कारण 'खरा' भाग पुढे आहे: कायदा अन्याय्य निकाल देत असेल तरी तो पाळायचा का? मला मात्र उशाशी बसलेल्या या माणसाला ओलांडून पुढे जाता येत नाही. संवादाला नाव त्याचं दिलंय. ते उगाच दिलं नसावं असं मला ठामपणे वाटतं, आणि का वाटतं तेच इथे लिहायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. साल इसवी सनपूर्व 399, शहर अथेन्स. सॉक्रेटिस सत्तर वर्षांचा. शहराच्या देवांना मानत नाही, नवीच दैवतं आणतो, तरुणांना बिघडवतो, हे त्याच्यावरचे आरोप. फिर्यादी मेलेटस, त्याच्या पाठीशी अनायटस आणि लायकॉन. निवाडा करायला पाचशेच्या आसपास नागरिक बसले होते. निकाल लागल्यावर सॉक्रेटिस म्हणतो, तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो. मग शिक्षा काय असावी हे आरोपीनंही सुचवायचं असा तिथला रिवाज. हद्दपारी मागितली असती तर बहुधा मिळालीही असती. याने सुचवलं, शहराच्या खर्चानं मला जन्मभर जेवायला घाला, ऑलिम्पिकच्या विजेत्यांना घालता तसं. नंतर मित्रांनी आग्रह केला म्हणून तीस मिना दंडाची तयारी दाखवली. जामीन राहिले चौघे: प्लेटो, क्रिटो, क्रिटोचा मुलगा क्रिटोब्युलस आणि अपोलोडोरस. लोकांनी मृत्युदंड दिला.

शिक्षा लगेच झाली नाही याचं कारण एक जहाज. थीसियस चौदा मुलामुलींना क्रीटहून सुखरूप परत घेऊन आला, त्या नवसाची फेड म्हणून अथेन्स दरवर्षी डेलॉस बेटावर अपोलोकडे एक जहाज पाठवी. ते परत येईपर्यंत शहरात कुणाला मृत्युदंड देऊन विटाळ करायचा नाही असा नेम. खटल्याच्या आदल्याच दिवशी त्या जहाजाला हार घालून झाला होता. वारा उलटा असला की जहाज रेंगाळे. झेनोफन हा त्याचा आणखी एक शिष्य लिहितो, सॉक्रेटिसला असे तीस दिवस मिळाले. त्या दिवसांत मित्र रोज सकाळी तुरुंगाच्या दाराशी जमत, दार उघडलं की आत जात आणि दिवसभर बोलत बसत.

त्या पहाटे क्रिटो एकटा आणि इतक्या लवकर का आला? सूनियनच्या टोकाशी जहाज दिसल्याची बातमी घेऊन माणसं आली होती. म्हणजे आज जहाज बंदराला लागणार, उद्या सगळं संपणार. सॉक्रेटिस म्हणतो, नाही, आणखी एक दिवस आहे. मला आत्ताच स्वप्न पडलं. पांढऱ्या वस्त्रातली एक सुंदर बाई आली आणि म्हणाली, तिसऱ्या दिवशी तू सुपीक फ्थिआला पोचशील. ही होमरच्या 'इलियड' महाकाव्यातल्या अकिलीस या योद्ध्याची ओळ. फ्थिआ हे त्याचं घर. युद्ध सोडून घरी निघायच्या गोष्टी करताना तो ती बोलतो. क्रिटो म्हणतो, विचित्रच स्वप्न. सॉक्रेटिस म्हणतो, मला तर अगदी स्पष्ट वाटतं. त्यावर क्रिटो थांबत नाही. त्याला घाई आहे. स्वप्नांचा अर्थ लावत बसायला तो आलेला नाही.

क्रिटो कोण होता? सॉक्रेटिसच्याच वयाचा, त्याच्याच अलोपेकी या वस्तीतला. म्हणजे पोरवयापासूनची ओळख. पैसेवाला, शेतीवाडी असलेला. झेनोफननं त्याची एक गोष्ट सांगितली आहे. अथेन्समध्ये काही लोकांचा धंदाच असा होता की श्रीमंत माणसाला खोट्या खटल्यात ओढायचं. तो कटकट नको म्हणून पैसे देतो. क्रिटो या त्रासानं वैतागला होता, तेव्हा सॉक्रेटिसनं त्याला सल्ला दिला, मेंढरं राखायला कुत्रा पाळतोस ना, तसा या लोकांना अंगावर घेणारा एक हुशार माणूस पदरी ठेव. क्रिटोनं तो ठेवला आणि त्याचा त्रास थांबला. दुसऱ्या एका संवादात तो सॉक्रेटिसला विचारताना दिसतो, मुलांच्या शिक्षणाचं काय करू. सॉक्रेटिसभोवती हुशार पोरं पुष्कळ होती, पण हा तसा नव्हता. हा आयुष्यभर सोबत राहिला, अडचणीला धावला. वादविवादात मात्र तो कायम एक पाऊल मागेच.

तर हा माणूस सगळी तयारी करून आलाय. पहारेकरी आपला आहे. पैसे आहेत. लागलेच तर थीब्जहून सिमियस खास रक्कम घेऊन आलाय, सेबीसही द्यायला तयार आहे. खटले घालणाऱ्या त्या खबऱ्यांची फिकीर नको, ते स्वस्तात गप्प बसतात (हे तो स्वानुभवावरून बोलतोय). उत्तरेकडे थेसलीत माझी माणसं आहेत, तुला डोक्यावर घेतील. आणि मग तो सगळ्यांत आतलं बोलतो. तुझ्यासारखा मित्र मला पुन्हा मिळायचा नाही, हे तर आहेच; शिवाय लोक काय म्हणतील? पैसे खर्च केले असते तर वाचवू शकला असता, पण मित्रापेक्षा पैसा मोठा वाटला याला. तू स्वतःच निघायला तयार नव्हतास यावर कोण विश्वास ठेवेल?

पुढे तो म्हणतो, मुलांना कुणाच्या भरवशावर टाकतोयस? आणि मग थोडं चिडून: हा खटला कोर्टात गेला तोच जायला नको होता, तिथे तो चालला तसा चालायला नको होता, आणि आता हा शेवट. आम्ही सगळे भेकड होतो असं दिसेल. यात नीट बांधलेला युक्तिवाद नाही. शेवटच्या घटकेला माणसाच्या तोंडून जे येईल ते एकात एक गुंतून आलंय. प्लेटोनं ते तसंच ठेवलं याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

सॉक्रेटिसचं उत्तर शांत आहे. तुझी तळमळ मोलाची आहे, पण ती योग्य दिशेनं आहे का ते बघू. आजवर आपण म्हणत आलो की सगळ्यांच्या मताला किंमत द्यायची नसते. व्यायाम करणारा माणूस रस्त्यावरच्या प्रत्येकाचं ऐकत नाही, आपल्या गुरूचं किंवा वैद्याचं ऐकतो. नाही ऐकलं तर शरीर बिघडतं. मग न्याय-अन्यायानं आपल्यातला जो भाग सुधारतो किंवा बिघडतो, त्याच्या बाबतीत चारचौघांचं कशाला ऐकायचं? नुसतं जगणं महत्त्वाचं नाही, चांगलं जगणं महत्त्वाचं. अन्याय कधीच करायचा नाही. कुणी आपल्यावर केला म्हणून उलटूनही करायचा नाही. हे तुला मान्य आहे ना? नीट विचार करून हो म्हण, कारण असं मानणारी माणसं थोडी आहेत आणि थोडीच असणार.

क्रिटो प्रत्येक वेळी हो म्हणतो. मग सॉक्रेटिस विचारतो, तर शहराची संमती न घेता इथून निघून गेलो तर आपण कुणावर अन्याय करतो की नाही? दिलेला शब्द पाळतो की मोडतो?

इथे क्रिटो म्हणतो, "तुझ्या प्रश्नाला मला उत्तर देता येत नाही, सॉक्रेटिस. मला तो समजतच नाहीये."

मला वाटतं हा संवाद या वाक्याभोवती फिरतो. सॉक्रेटिसपुरता निवाडा इथवर येऊन ठेपलेला आहे. त्याची तत्त्वं त्याने मांडली आणि मित्रानं ती मान्य केली. उरलंय फक्त ती या प्रसंगाला लावून बघणं. पण मित्र तिथेच अडतो. हो-हो म्हणत इथवर आलेल्या माणसाला शेवटची पायरी चढवत नाही. ती चढवत नाही याचं कारण बुद्धीत नसावं; ती चढली की मित्र मरणार हे त्याला दिसतंय. आणि बरोबर याच जागी सॉक्रेटिस पद्धत बदलतो. प्रश्न विचारणं थांबवतो. म्हणतो, समज, आपण पळून जायच्या बेतात आहोत आणि अथेन्सचे कायदे समोर येऊन उभे राहिले.

मग कायदे बोलू लागतात. निकाल लागून त्यांना कुणी जुमानत नसेल तर शहर टिकेल का? आम्हीच तुझ्या आईबापाचं लग्न लावलं, तुला वाढवलं, शिकवलं. मोठा झाल्यावर, आम्ही पसंत नाही तर आपलं चंबूगबाळं उचलून हवं तिथे जा, ही मुभा प्रत्येकाला दिली. तू गेला नाहीस. एकदा इस्थमसचे खेळ बघायला आणि नाहीतर लढाईवर, एवढाच तू शहराबाहेर पडलास. स्पार्टाची नि क्रीटची स्तुती करायचास, पण राहिलास इथेच. आमचं चुकत असेल तर आम्हाला पटवून द्यायचं, नाहीतर सांगू ते करायचं. खटल्यात हद्दपारी मागू शकला असतास. तेव्हा तर मोठ्या तोऱ्यात म्हणालास की त्यापेक्षा मरण बरं. आता कातडी पांघरून, वेष पालटून पळणार? थेसलीत लोक मेजवान्यांमध्ये ती गोष्ट ऐकून हसतील.

हे भाषण भव्य आहे आणि मला ते पूर्ण पटत नाही. पटवून दे नाहीतर ऐक, हे बोलायला सोपं आहे. ज्या गुलामांना, स्त्रियांना, परक्यांना सभेत तोंडच उघडता येत नव्हतं त्यांनी काय करायचं? आईबाप आणि कायदा यांची सांगड घातली की मग आज्ञा मोडण्याला जागा उरत नाही. आणि खुद्द सॉक्रेटिसनं ती मोडायची तयारी दाखवली होती. खटल्यात तो स्पष्ट म्हणाला, तत्त्वज्ञान सोडायच्या अटीवर तुम्ही मला सोडलंत, तर मी तुमच्यापेक्षा देवाचं ऐकेन. तीस जुलमी सत्ताधाऱ्यांच्या काळात त्याला आणि आणखी चौघांना सॅलमिसहून लिऑनला पकडून आणायचा हुकूम झाला. बाकीचे गेले. हा सरळ घरी गेला. ती राजवट लवकर कोसळली म्हणून वाचला. त्याआधी इसवी सनपूर्व 406 मध्ये, अर्जिन्युसीच्या आरमारी लढाईनंतर सेनापतींचा एकगठ्ठा खटला चालवायचं सभेच्या मनात आलं, तेव्हा ते बेकायदा आहे म्हणून आरडाओरडा करणाऱ्या गर्दीसमोर तो उभा राहिला. असा माणूस 'सांगू ते कर' यावर कसा समाधान मानेल?

अभ्यासक या विसंगतीवर पुष्कळ भांडले आहेत. मला जे दिसतं ते असं: हे भाषण क्रिटोसाठी आहे. त्यातले मुद्दे सॉक्रेटिसला खोटे वाटत असतील असं मी म्हणत नाही, पण त्यांची निवड ऐकणाऱ्याकडे बघून झाली आहे. क्रिटोनं जे जे काढलं त्या प्रत्येकाला कायद्यांनी त्याच्याच भाषेत उत्तर दिलंय. तो म्हणाला, लोक काय म्हणतील? मघाशी सॉक्रेटिस म्हणाला होता, लोकांचं सोड. कायदे मात्र तसं म्हणत नाहीत. ते सांगतात, पळालास तरच लोक हसतील. तो म्हणाला, मुलांचं काय? ते सांगतात, थेसलीत नेऊन त्यांना परदेशी करणार का? आणि इथे ठेवलीस तर मित्र सांभाळतील. मग तू थेसलीत असलास काय नि परलोकात असलास काय, सांभाळतील ते सांभाळतीलच. तो म्हणाला, थेसलीत माझी माणसं आहेत. ते म्हणतात, तिथे तर सगळा बेबंदपणा. ज्याला मघाशी प्रश्न कळला नव्हता, त्याच्या हातात आता पोथी आली. उद्या अथेन्सच्या बाजारात कुणी म्हणालं, का रे, पैसे असून वाचवलं नाहीस मित्राला, तर त्याच्याकडे सांगायला काहीतरी आहे. आईबाप, शब्द, देश. कुणालाही कळेल असं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या वडिलांचं दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा त्यांनी पुढचे उपचार नाकारले. त्यांचे जुने मित्र, आमचे काका, एका संध्याकाळी सगळ्या रिपोर्टांची फाईल घेऊन आले. मुंबईच्या डॉक्टरची वेळ घेतलेली, राहायची सोय मुलाच्या फ्लॅटवर, पैशाचं नाव काढायचं नाही. वडील ऐकत राहिले, मग नाही म्हणाले. त्यांची कारणं त्यांनी आम्हाला आधी सांगितली होती. ती शांत आणि थोडी अवघड होती. काकांना त्यातलं काही नको होतं. फाईलच्या दोऱ्याची गाठ सोडत आणि बांधत ते एवढंच म्हणाले, "चार लोक मला विचारतील रे, तू होतास ना, मग काय केलंस." वडील म्हणाले, "सांग त्यांना, मास्तर ऐकणाऱ्यातला नव्हता. घर सोडून कुठे मरायला जाणार नाही म्हणाला." वडिलांचं खरं कारण घर हे नव्हतं. पण पुढे तेराव्याला, नंतर रस्त्यात, लग्नाकार्यात काका हेच वाक्य सांगताना मी ऐकलंय. मान ताठ ठेवून सांगायचे. वडिलांनी ते वाक्य त्यांच्यासाठी बेतून दिलं होतं हे मला पुष्कळ नंतर, 'क्रिटो' वाचताना लक्षात आलं.

कायद्यांच्या भाषणाचा एक भाग मात्र सॉक्रेटिसचा स्वतःचाही असावा असं वाटतं. शेवटाकडे ते म्हणतात, तुझ्यावर अन्याय झालाय खरा, पण तो आम्ही कायद्यांनी केला नाही, माणसांनी केला. कायदा मोडायची वेळ आली तर उघड मोडावा आणि परिणाम उघड सोसावा, चोरवाटेनं निसटू नये, हे या एका फरकात सामावलंय. हे ज्यांनी उचललं त्यांत गांधीजी आहेत. 1908 मध्ये दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांनी सॉक्रेटिसचं कोर्टातलं भाषण गुजरातीत सांगितलं, एका सत्यवीराची कथा म्हणून. 1910 मध्ये मुंबई सरकारनं 'हिंद स्वराज्य'सोबत त्या पुस्तिकेवरही बंदी घातली. अथेन्सच्या कायद्यापुढे मान तुकवणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट इंग्रज सरकारला धोक्याची वाटली, आणि ती भीती अगदी योग्य होती. शिक्षेला न घाबरणाऱ्या माणसाचं कुठल्याही सरकारला काही करता येत नाही. 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंगनीही सॉक्रेटिसला सविनय कायदेभंगाच्या रांगेत उभं केलं.

भाषण संपल्यावर सॉक्रेटिस म्हणतो, कोरिबांटांच्या, म्हणजे देवीच्या नादात बेभान होणाऱ्या भक्तांच्या, कानांत जशी बासरी घुमत राहते तसे हे शब्द माझ्या कानांत घुमताहेत; दुसरं काही ऐकूच येत नाही. तरीही तुला काही बोलायचं असेल तर बोल.

"नाही, सॉक्रेटिस, मला काही बोलायचं नाही."

पटलं असं क्रिटो म्हणत नाही. वाद संपला एवढंच. आणि गंमत अशी की त्या खोलीत तिसरं कुणी नव्हतं. जे काही बाहेर आलं असेल ते क्रिटोकडूनच आलं असणार. पुढच्या काळात डायोजेनीस लाएर्टियस या चरित्रकारानं एक जुनी वदंता नोंदवली आहे, की पळून जायचा सल्ला खरं तर एस्किनीस या दुसऱ्या शिष्यानं दिला होता, प्लेटोनं तो आकसापोटी क्रिटोच्या तोंडी घातला. खरं-खोटं राहू दे. पण प्लेटोनं क्रिटोला निवडलं असेल, तर त्याने योग्य माणूस निवडला. एखाद्या तल्लख शिष्यानं प्रतिवाद केले असते आणि संवाद दुप्पट लांबला असता. या ठिकाणी हवा होता तो हरायला तयार असलेला मित्र.

शेवटच्या दिवसाचा वृत्तांत 'फीडो' या दुसऱ्या संवादात आहे. आत्मा अमर आहे का यावर दिवसभर बुद्धिमान चर्चा चालते. क्रिटो तिथे आहे, पण चर्चेत जवळजवळ नाही. सॉक्रेटिसची बायको झँथिपी, तिला घरी पोचवायची व्यवस्था तो करतो. जास्त बोलू नकोस, विषाचा परिणाम मंदावतो, असं विष देणारा म्हणतोय हा निरोप तो सांगतो. आणि विचारतो, तुला पुरायचं कसं? सॉक्रेटिस हसून म्हणतो, कसंही, मी तुमच्या हाती लागलो तर. मग तो इतरांकडे वळतो: तुम्ही याला माझ्या वतीनं जामीन राहा, पण हा न्यायाधीशांना माझ्यासाठी जामीन राहिला त्याच्या अगदी उलट. हा जामीन राहिला होता की मी इथेच थांबेन. तुम्ही राहा की मेल्यावर मी थांबणार नाही, निघून जाईन.

हे वाक्य मी कितीदा तरी वाचून पुढे गेलो असेन. क्रिटो जामीन होता. सॉक्रेटिस पळणार नाही अशी हमी कोर्टाला देणारा माणूस हाच, आणि पहारेकऱ्याचा हात ओला करून त्याला पळवायला अंधारात येऊन बसलेलाही हाच. 'क्रिटो'त या जामिनाचा उच्चारही नाही. सॉक्रेटिस दिलेला शब्द पाळायचा की मोडायचा असं विचारतो तेव्हा समोरच्याचा स्वतःचा शब्दही त्यात अडकलेला आहे, आणि दोघंही त्याविषयी अवाक्षर काढत नाहीत. कायदे एवढंच म्हणतात की तू गेलास तर तुझे मित्र हद्दपार होतील नाहीतर मालमत्ता गमावतील. क्रिटोनं याचं उत्तर भाषणाच्या कितीतरी आधी देऊन ठेवलं होतं, सॉक्रेटिसनं विचारायच्याही अगोदर: आमच्या जिवाची, पैशाची काळजी करून थांबला असशील तर ते सोड. तुला वाचवायला हा धोका पत्करणं आम्हाला भागच आहे, आणि वेळ पडली तर याहून मोठाही.